नायिकेने ‘नाही’ म्हटल्यानंतर कथेत पुढे काय होते?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. गेली पाच वर्षे मी एका वाचन ॲपवर प्रेमकथांच्या मालिका लिहिते. दिवसा विश्रामबागेतल्या एका दुकानाचे हिशेब बघते आणि रात्री घरातली जेवणे आटोपली की ओट्याशेजारच्या टेबलावर बसून पुढचा भाग लिहिते. माझ्या पहिल्या मालिकेचे एकशे बारा भाग झाले. त्यांतला तेविसावा भाग सर्वांत जास्त वाचला गेला आणि आजचा प्रश्न त्याच भागाविषयी आहे.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगते. नायक-नायिकेचे काँट्रॅक्ट मॅरेज, म्हणजे प्रेमावाचून करारापुरते केलेले लग्न, झालेले आहे. घरातल्या अपमानाला कंटाळून नायिका सांगलीच्या एसटी स्टँडवर येते आणि कोल्हापूरच्या गाडीत चढू लागते. तेवढ्यात नायक धावत येतो आणि तिचे मनगट धरतो. ती तीन वेळा ‘सोडा, मला जायचे आहे’ असे म्हणते. तो तिला ओढत आपल्या गाडीपर्यंत नेतो, आत बसवतो, दारे लॉक करतो आणि म्हणतो, ‘तू माझी आहेस. मला विचारल्याशिवाय कुठेही जायचे नाही.’ त्यानंतरचे वाक्य मी जसेच्या तसे देते, कारण ते मला पाठ आहे: ‘तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उमटले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणाचे तरी आहोत असे तिला वाटले.’ या भागाखाली ‘असा नवरा मिळायला नशीब लागते’ अशा अर्थाचे प्रतिसाद अजूनही येतात. ते वाचून मला आनंद होत असे, हे मी लपवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मला एका वाचक मुलीचा खासगी निरोप आला. ती अकरावीत शिकते. तिचा मित्र दर तासाला ती कुठे आहे ते विचारतो, फोनवरचे लोकेशन मागतो, मैत्रिणींबरोबरचे फोटो काढून टाकायला लावतो. तिने हे सगळे थांबवायचे ठरवले आणि तसे त्याला सांगितले, तेव्हा त्याने तिला माझा तेविसावा भाग पाठवला आणि खाली लिहिले, ‘बघ, याला प्रेम म्हणतात.’ त्या मुलीने माझ्यावर राग काढला नाही. तिने फक्त विचारले, ‘ताई, तुमच्या नायिकेला वळ उमटल्यावर बरे कसे वाटले? मला तर भीती वाटते.’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी माझ्या तिन्ही मालिका पुन्हा वाचल्या. नायिका एकूण किती वेळा नकार देते आणि त्या नकाराचे पुढे काय होते, हे हिशेबाच्या वहीत दोन रकाने पाडून लिहून काढले. नकार पुष्कळ होते. परंतु नकार दिला आणि त्यामुळे नायकाला आपला बेत बदलावा लागला, असा एकही प्रसंग सापडला नाही. प्रत्येक वेळी तो नकार म्हणजे नायकाने पार करायचा एक अडथळा होता आणि अडथळा जितका मोठा तितके त्याचे प्रेम मोठे, असे मी न ठरवता लिहीत गेले होते.

वाईट नाते कथेत रंगवूच नये, असे माझे म्हणणे नाही. नवऱ्याच्या धाकात जगणाऱ्या बाईची गोष्ट लिहिली गेलीच पाहिजे. मला खुपते ते एवढेच की मी धाक लिहिला आणि त्याला प्रेमाचे नाव दिले. लेखक म्हणून मी त्या क्षणी गाडीच्या बाहेर उभी राहून नायकाकडे कौतुकाने बघत होते. आत बसलेल्या बाईच्या बाजूला मी नव्हते.

तो भाग काढून टाकावा, नव्याने लिहावा, की वर सूचना देऊन तसाच ठेवावा? आणि मुळात आपण असे का लिहितो आणि असे आपल्याला का आवडते? या दुसऱ्या प्रश्नावर मनापासून लिहावे, ही विनंती.

मिरजेची वाचक

ताई, तुमचा तेविसावा भाग मी दोनदा वाचलेला आहे आणि मला तो आवडला होता. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, माझा संसार चांगला झाला आणि माझ्या नवऱ्याने माझे मनगट असे कधीही धरले नाही. धरले असते तर मी त्याच दिवशी माहेर गाठले असते. तरीही गोष्टीतला तो प्रसंग वाचताना मला छान वाटले, याचा विचार मी कालपासून करते आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांना काही कळत नाही, असे मानणाऱ्यांची मला चीड येते. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा वाचक बायकांशी प्रत्यक्ष बोलून त्यांचे म्हणणे मांडले होते. दिवसभर सगळ्यांचे करणाऱ्या त्या बायकांना वाचनाचा तेवढा वेळ स्वतःचा वाटत असे. मिरजेतही याहून वेगळे नाही. दुपारी झाकपाक झाली की तो अर्धा तास माझा असतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आमच्या पिढीत चांगल्या घरच्या मुलीला इच्छा असणे हेच मुळी चालत नव्हते. तिने आपण होऊन हात पुढे केला तर ती वाह्यात ठरे. म्हणून गोष्टीतल्या नायकाने तिला ओढून नेले की आमची एक मोठी सोय होत असे: तिला जे हवे होते ते मिळाले आणि ते मागितल्याचा ठपकाही तिच्यावर आला नाही. तो बळजबरी करतो म्हणून ती निष्कलंक राहते. मला वाटते, आम्हाला जबरदस्ती आवडत नव्हती. आम्हाला ती जबाबदारीतून सुटका आवडत होती. हे लिहिताना माझे मलाच आत्ता उमगते आहे.

तुमच्या नायिकेला त्याच्याबरोबर राहायचे असेल तर तिला तसे तोंडाने म्हणू द्या. तसे म्हणणारी नायिका आमच्या वाट्याला फार कमी आली.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)

मी कथा कमी वाचतो, गेम जास्त खेळतो. परंतु ताईंनी वहीत पाडलेले दोन रकाने वाचून मला माझे खेळणे आठवले, म्हणून सविस्तर लिहितो.

नातेसंबंध असलेल्या बहुतेक गेममध्ये प्रेम मोजले जाते. स्टारड्यू व्हॅली हा २०१६ सालचा शेतीचा गोड गेम घ्या. गावातल्या प्रत्येक माणसापुढे हृदयाची चित्रे असतात आणि एक हृदय भरायला अडीचशे गुण लागतात. आठवड्याला दोन भेटवस्तू देता येतात, आवडती वस्तू दिली की गुण वाढतात आणि आठ हृदये भरली की पुष्पगुच्छ देऊन प्रेमाचे नाते सुरू करता येते. त्याआधी गुच्छ दिला तर समोरची व्यक्ती नाकारते. म्हणजे नकार आहे, पण त्याचा अर्थ ‘मला तू नको आहेस’ असा कधीच होत नाही. त्याचा अर्थ ‘अजून गुण कमी आहेत’ एवढाच होतो. मला हा गेम मनापासून आवडतो आणि त्यात कुणावर जबरदस्ती होत नाही. तरीही चांगुलपणाची नाणी टाकत राहिले की शेवटी माणूस मिळतोच, हा हिशेब त्याच्या रचनेतच आहे.

दुसरी गोष्ट सेव्ह आणि लोडची. संवाद निवडायच्या गेममध्ये समोरच्या पात्राने नकार दिला की आम्ही मुले काय करतो? मागचा सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला टप्पा, उघडतो आणि दुसरे वाक्य निवडून बघतो. होकार मिळेपर्यंत हे चालते. त्या पात्राला आधीचा नकार आठवत नाही, मला मात्र आठवतो आणि मी त्याचा उपयोग करून घेतो. एकाच माणसाला वेगवेगळ्या शब्दांत पुन:पुन्हा विचारत राहणे याला प्रत्यक्षात आपण पिच्छा पुरवणे म्हणतो, पण हातात कंट्रोलर असताना त्याला कौशल्य म्हणतो.

याच्या उलट एक अनुभव सांगायचा आहे. बॉल्डर्स गेट ३ या २०२३ च्या गेममध्ये ॲस्टॅरियन नावाचा एक सोबती आहे. दोनशे वर्षे तो एका मालकाच्या ताब्यात होता आणि त्या काळात सावज आणण्यासाठी त्याला स्वतःचे शरीर आमिष म्हणून वापरावे लागले होते. हा रक्त पिणारा प्राणी आहे. पुढे एक बाई भेटते, तिला त्याने आपल्याला चावावे अशी इच्छा असते आणि तो स्पष्ट नकार देतो. त्यावर ती बाई त्याच्याशी न बोलता खेळणाऱ्याकडे वळते आणि त्याला समजवायला सांगते. तुम्ही त्याच्यावर दबाव आणून ते करायला लावलेत तर तुम्हाला एक औषध मिळते आणि तुमची ताकद कायमची दोन अंकांनी वाढते. दबाव आणला नाहीत तर काहीच मिळत नाही. तो तुमचे आभार मानतो, एवढेच.

पहिल्यांदा खेळताना मी दबाव आणला. दोन अंक फुकट कोण सोडेल? नंतर तो त्याबद्दल जे बोलला ते वाचून मी गेम बंद केला आणि बाहेर गच्चीवर जाऊन उभा राहिलो. मला कुणी उपदेश केला नव्हता. त्याच्या नकाराची किंमत ठरवून ती माझ्या हातात ठेवली होती आणि मी ती घेतली होती. ताई, नकार कथेत कसा लिहावा याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तिथे नकार अडथळा म्हणून येत नाही. तो आला की खेळणाऱ्याचीच परीक्षा सुरू होते.

गेमच्या खोक्यावरच्या सूचनांबद्दलही थोडे लिहितो. युरोपात २००३ पासून गेमवर वयाचे आणि आशयाचे शिक्के मारणारी पेगी ही पद्धत आहे. हिंसा, शिवराळ भाषा, भीती, जुगार, लैंगिक आशय, अमली पदार्थ, भेदभाव आणि खेळाअंतर्गत खरेदी यांसाठी त्यात वेगवेगळी चिन्हे आहेत. प्रेमाच्या नावाखाली चालणाऱ्या ताबेदारीसाठी मात्र चिन्ह नाही. प्रेयसीचा फोन तपासणारा नायक असलेला गेम त्या चिन्हांच्या दृष्टीने अगदी निरुपद्रवी ठरू शकतो.

कृष्णाकाठ

‘नकाराची किंमत माझ्या हातात ठेवली होती’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे. मिरजेच्या ताई, तुमच्या प्रतिसादाने माझी रात्रीची झोप गेली, पण ती चांगल्या कारणाने गेली. माझ्या एकशे बारा भागांत नायिका ‘मला तू हवा आहेस’ असे एकदाही म्हणत नाही. हे मी आज सकाळी तपासले.

शाहूनगर (सातारा)

मी वकिली करते. कथेला कायद्याची फूटपट्टी लावणे मला पसंत नाही, तरीही संमती या शब्दाचा आपल्याकडचा प्रवास या चर्चेत आला पाहिजे, असे वाटते.

आपल्याला लहानपणापासून ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन ऐकवले जाते. मुलगी गप्प बसली म्हणजे तिला स्थळ पसंत आहे, हे घराघरांत गृहीत धरले जाते. हेच गृहीतक न्यायालयातही होते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नव्हता, हे मुद्दे त्यात महत्त्वाचे ठरले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिले की संमती म्हणजे शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य प्रकारे व्यक्त झालेला नि:संदिग्ध व ऐच्छिक होकार, आणि शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही हेच कायम आहे.

मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे: पत्नी अठरा वर्षांहून लहान नसेल तर पतीच्या कृत्याला बलात्कार म्हटले जात नाही. काँट्रॅक्ट मॅरेजच्या कथा एवढ्या लोकप्रिय का होतात, याचे एक कारण मला इथे दिसते. पहिल्याच भागात लग्न लावून दिले की पुढच्या शंभर भागांत नायिकेला काही विचारण्याची गरज लेखकाला उरत नाही. लग्न ही तिथे आगाऊ घेतलेली सही असते.

तुमच्या तेविसाव्या भागाविषयी बोलायचे तर स्टँडवर तिला अडवणे आणि गाडीत कोंडणे हे त्याच संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हे आहेत, नवरा असला तरीही. नकार कळवल्यावर पुन:पुन्हा संपर्क साधत राहणे कलम ७८ मध्ये बसते.

त्या अकरावीतल्या मुलीविषयी मला काळजी वाटते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, हे तिला कृपया कळवावे. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला, आई नसेल तर मावशीला किंवा आत्याला, हे सांगायला ती तयार आहे का, तेही हळुवारपणे विचारावे.

गणपती पेठ (सांगली)

आपण सांगलीकर नाट्यपंढरीचा अभिमान बाळगतो, म्हणून हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्यांचे ‘शारदा’ १८९९ चे. पैशासाठी बाप आपल्या कोवळ्या मुलीला पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ही त्याची गोष्ट. त्याच्या आठ वर्षे आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली होती आणि त्यावरून टिळक आणि कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर यांच्यात केवढा वाद झाला, हे सर्वांना माहीत आहे. माझ्या मनात येते की ‘संमती’ हा शब्द आपल्या सार्वजनिक बोलण्यात आला तोच वयाचा आकडा म्हणून. ‘तुला हवे आहे का?’ हा मुलीला विचारायचा प्रश्न म्हणून तो फार उशिरा आला, आणि अजून पुरता आलेला नाही.

पण मला खरे सांगायचे आहे ते देवलांच्याच ‘संशयकल्लोळ’बद्दल. फाल्गुनराव बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघतो आणि त्याचा संशय सुरू होतो. बायको कृत्तिकाही नवऱ्यावर तितकाच संशय घेते. १९१६ साली संगीत रूपात आलेले हे नाटक आजही प्रेक्षकांना हसवते, कारण संशयी माणूस तिथे हास्यास्पद आहे. तो लपून पाहतो, नोकराला कामाला लावतो, उलटतपासणी घेतो आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडतो. आजच्या कथामालिकांमध्ये नायक नेमके हेच करतो: फोन तपासतो, पाठलाग करतो, माणसे लावतो. फरक इतकाच की आज त्याला कुणी हसत नाही, उलट ‘किती पझेसिव्ह आहे’ असे कौतुकाने म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी ज्याची आपण टिंगल केली त्याला आज आपण नायक केले. मी हौशी रंगभूमीवर फाल्गुनरावांचे काम केलेले आहे आणि ते करताना मला एका क्षणालाही असे वाटले नव्हते की प्रेक्षकांतली एखादी मुलगी असा नवरा मागेल.

हेही कबूल करतो की हसण्यावारी नेल्यामुळे कृत्तिकेला होणारा जाच आम्ही कधी गंभीरपणे पाहिला नाही. विनोदाने त्याला सूटही दिली.

कऱ्हाडची लेखणी

मी कॉलेजात आहे आणि चाहत्यांनी आवडत्या पुस्तकांतली, मालिकांतली पात्रे घेऊन लिहिलेल्या कथा वाचते. तिथल्या एका मोठ्या परदेशी संग्रहात, जो २००९ पासून सर्वांसाठी खुला आहे, कथा टाकताना जबरदस्ती, अल्पवयीन पात्रांचे लैंगिक संबंध यांसारख्या ठरावीक गोष्टींची सूचना द्यावी लागते. किंवा ‘मी सूचना देणार नाही’ असे तरी उघड सांगावे लागते. त्यामुळे वाचक डोळे उघडे ठेवून आत जातो. मला भयानक नायकांच्या कथाही वाचायच्या असतात आणि तो माझा हक्क आहे. फक्त भयानक नायकाला भयानक म्हणून लिहावे आणि मला आधी सांगावे, एवढीच अपेक्षा असते. ताई, तुम्ही भाग काढून टाकू नका. ज्या मुलाने तो पाठवला त्याने नवा भागही वाचला पाहिजे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. त्या मुलीशी बोलणे झाले. तिने मावशीला सांगितले आहे, मावशीने मला फोन केला होता आणि यापुढचे मी इथे लिहिणार नाही, कारण ते तिचे आहे.

तेविसावा भाग मी चार रात्री बसून नव्याने लिहिला आणि काल टाकला. मालिकेच्या पहिल्या पानावर सूचनाही दिली आहे की पुढील काही भागांत नायक नायिकेवर ताबा गाजवतो आणि लेखिकेला ते प्रेम वाटत नाही. स्टँडवरचा प्रसंग आता असा आहे:

‘गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून कोल्हापूर, कोल्हापूर असे ओरडत होता. तो धावत आला आणि तिच्यापासून दोन हात अंतरावर थांबला. त्याचा हात पुढे आला होता. तो त्याने मागे घेतला आणि खिशात घातला.

“थांबशील का?” त्याने विचारले.

“नाही.”

तो काही बोलला नाही. पुन्हा विचारावे असे त्याच्या ओठांवर आले होते, ते तिला दिसले. त्याने विचारले नाही. तिची पाण्याची बाटली घरी राहिली होती, ती त्याने खांद्यावरच्या पिशवीतून काढून पुढे धरली. ती घेताना बोटे लागू नयेत म्हणून त्याने बाटली तळाशी धरली होती. गाडी हलली. खिडकीतून तिने मागे पाहिले तेव्हा तो तिथेच उभा होता, आणि कुणीही न अडवता आपण निघालो आहोत या जाणिवेने तिला रडू आले.’

पहिल्या दिवशी आलेल्या प्रतिसादांत बरीच नाराजी आहे. ‘नायक मिळमिळीत झाला’, ‘आधीचाच भाग परत टाका’ असे वाचक लिहीत आहेत. एकीने विचारले की त्याने नुसते जाऊ दिले तर त्याचे प्रेम कळणार कसे. तिला मी बाटलीचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. सगळ्यांत अवघड काम पुढेच आहे, कारण जुन्या चोविसाव्या भागात ती त्याच्या घरी त्याच्यासाठी चहा करत होती आणि आता ती कोल्हापुरात आहे. ती परत यायची असेल तर तिच्या मनाने यावी लागेल आणि तसे वाटण्यासारखे काही त्या माणसाने आधी करावे लागेल. मला अजून सुचलेले नाही, म्हणून पुढचा भाग दोन आठवडे उशिरा येईल.